मागच्या खोल्यांपर्यंत नेट

माझे आईवडील लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करतात. बंगला मुंबईच्या लोकांचा. ते महिन्यातून एखाद्या शनिवारी येतात, कधी त्यांचे पाहुणे येतात, एरवी कुलूप. वडील, म्हणजे आमचे आबा, वडिवळे गावाहून इथं आले तेव्हा मी तिसरीत होते. बंगल्याच्या मागं, फणसाच्या पलीकडं दोन खोल्या आहेत. तिथंच मी वाढले.

कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाल्यावर मला घरी बसून करायचं काम मिळालं. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचायच्या आणि योग्य माणसाकडं पाठवायच्या. त्यासाठी दिवसभर नेट लागायचं. बंगल्यात वायफाय होतं, पासवर्ड बंगल्याच्या मालकीणबाईंनी, मॅडमनीच, आबांना दिलेला. पण राउटर दिवाणखान्यात आणि मधे दीड फुटी दगडी भिंती. आमच्या खोल्यांत काही पोचायचं नाही. म्हणून मी बंगल्याच्या मागच्या पायऱ्यांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे.

एका शनिवारी मॅडमनी मला तिथं पाहिलं.

"इथे का बसतेस गं? पाहुणे असतात. बरं नाही दिसत."

मी कारण सांगितलं. माळ्यावर त्यांचा जुना राउटर पडून होता, तो आमच्याकडं लावू का, असं विचारलं.

"लाव की, जमत असेल तर. भिंतीला भोकं पाडू नकोस म्हणजे झालं."

मला तेव्हा त्या फार चांगल्या वाटल्या.

मी बाजारातून लांब केबल आणली. लोणावळ्याच्या पावसात ती टिकावी म्हणून आबांनी ती पाइपातून ओवली आणि कुंपणाच्या कडेनं नेली. एक टोक खिडकीच्या फटीतून दिवाणखान्यातल्या राउटरला, दुसरं आमच्या खोलीतल्या जुन्याला. पहिला दिवस वायाच गेला. फोनवर सिग्नल भरलेला दिसायचा, पण एक पान उघडेल तर शपथ. मग वाचून कळलं. दोन्ही राउटरचा पत्ता एकच होता, तो बदलायला हवा होता. शिवाय घरातल्या फोनना पत्ते वाटायचं काम एकाच राउटरनं करायचं असतं, दोघंही वाटायला लागले की गोंधळ. मी जुन्याचं ते काम बंद केलं. केबलही वेगळ्या रंगाच्या भोकात घातली होती, ती काढून बाकीच्या चारांपैकी एकात घातली. नाव आणि पासवर्ड बंगल्यातलाच ठेवला.

आईनं कामशेतच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि चित्र अडकलं नाही. आबा दारात उभे राहून बघत होते.

"पोरीनं एकटीनं केलं बरं का," ते मावशीला लांबूनच म्हणाले. "कुनाला बोलवावं लागलं न्हाई."

दोनेक महिन्यांनी मॅडम आल्या त्या कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला घेऊन. बंगल्याच्या पुढं कॅमेरे होतेच. आता मागच्या फाटकावर एक हवा होता. "इतके दिवस तिकडे नेटच पोचत नव्हतं," त्या मला हसून म्हणाल्या. "तुझ्यामुळे काम सोपं झालं." त्या माणसानं पासवर्ड विचारला. मीच सांगितला, एकेक अक्षर.

कॅमेऱ्यात फाटक दिसायचं. आमचं दार, धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी आणि आबांची खाटही दिसायची. आठवड्याभरात आबांना मॅडमचे फोन सुरू झाले. काका, दुपारी दोन तास झोपला होतात का? काका, ते शेजारच्या बंगल्याचे वॉचमन रोज येऊन बसतात का? आईनं लुगडी आत वाळत घालायला सुरुवात केली. पावसाळ्यात त्या दोन खोल्यांना ओल्या कपड्यांचा वास यायचा. शेजारचे वॉचमनकाका यायचे बंद झाले. बारा वर्षांचा त्यांचा आणि आबांचा दुपारचा चहा होता.

मी मॅडमना गाठलं. "कॅमेरा जरा फिरवता येईल का? फक्त फाटक दिसेल असा?"

"अगं, तुमच्याच सुरक्षेसाठी आहे तो," त्या म्हणाल्या. "आणि तिकडे नेट तूच नेलंस ना? मग आता काय झालं?"

मी तडक वळले. घरी आले आणि राउटरचा प्लग ओढून काढला. दहा मिनिटांत आबांचा फोन वाजला. "व्हय मॅडम. बघतो मॅडम," एवढंच ते बोलले आणि आत आले.

"लाव ते परत."

"आबा, आपलं दार आहे ते."

"आपलं काय हाय हितं?" आवाज चढला नाही त्यांचा. "तू उद्या जाशील. आमाला हितंच ऱ्हायचंय."

मी हलले नाही. मग त्यांनीच वाकून प्लग लावला. हिरवे दिवे एकेक करून पेटेपर्यंत ते तसेच वाकून बघत राहिले. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. तू कशाला लावलंस, असं त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही कधी नाही.

मी गेलेच. पिंपरीत ऑफिसातली नोकरी मिळाली, खोली घेतली. तुम्ही माझ्याकडं या म्हणून दोनदा सांगितलं. एका खोलीत कुठं मावायचं, असं आई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

या दिवाळीत गेले तेव्हा फाटकावर नवा कॅमेरा होता. मी फाटक ढकलून अंगणात आले, आबा खाटेवरून उठले, मी पाया पडायला वाकले, तेवढ्यात वरून, कॅमेऱ्यातून, मॅडमचा आवाज आला.

"काका, कोण आलंय?"

आबा चटकन वळले. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि वर, त्या भिंगाकडं बघत म्हणाले, "पोरगी हाय मॅडम, आमची. दिवाळीची आलीया."

"अच्छा, ती होय. कशी आहेस गं?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. बोल, असं डोळ्यांनी सांगितलं. मी मान वर केली, हात जोडले आणि म्हणाले, "बरी आहे, मॅडम."