बूशतानं पुढे ढकललेली ईद

मेकनेस शहरातल्या फरशी कारखान्यात सगळ्यांच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरात सुट्ट्या भरायचं काम बूशताचं. "सुट्ट्या माझ्या हातात असतात," असं त्यानं गावाकडे आईला मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं. पण ईद जवळ आली की दरवर्षी त्याचा जीव टांगणीला लागे. ईद ठरणार चंद्र दिसल्यावर, आणि त्या मेल्या कॅलेंडरला तारीख हवी आधीच! यंदा त्यानं शुक्रवार टाकला. लोकांनी गुरुवारच्या रात्रीच्या बसची तिकिटं काढली, त्यानंही काढलं.

गुरुवारी संध्याकाळी सगळे कारखान्याच्या गच्चीवर जमले. चंद्र काही दिसेना. रेडिओवर जाहीर झालं, ईद शनिवारी. बूशतानं निमूटपणे तारीख बदलली, तसे सगळ्यांचे मोबाइल एकदम किणकिणले : 'बूशता यांनी ईद पुढे ढकलली.'

"आणखी एक रोजा लादलास की रे! आणि आमच्या तिकिटांचं काय?"

"मी काय चंद्र खिशात घालून फिरतो?" तो खेकसला.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"उद्या कामावर जायचंय, यम्मा. आज नाही येता येणार."

"असं कसं? सुट्ट्या तुझ्याच हातात ना? मग कर की ईद उद्याचीच. मी दारातच बसलेय."