आई धरणावर माहेरी गेली

बाहत्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या पुढची दिवाळी. आम्ही तेव्हा मिरजगावला होतो. मुळा धरणात पाणी आलं होतं आणि जो तो राहुरीला धरण बघायला चालला होता. दादांनीही ठरवलं, भाऊबीज झाली की जाऊ.

आईने आदल्या दिवशी करंज्या केल्या, ठेवणीतलं लुगडं काढलं आणि गल्लीभर सांगून आली... माहेरी चाललेय म्हणून. मला असा राग आला! मी मैत्रिणींना धरण धरण करून भंडावून सोडलं होतं, आणि हिचं काय भलतंच.

आईचं गाव त्या पाण्याखाली गेलेलं. मोठी माणसं 'गाव उठलं' म्हणायची आणि मला आपलं वाटायचं, उठलं म्हणजे कुठेतरी चालत गेलं असेल... आजी-आजोबा आधीच वारलेले, आई एकुलती. दर दिवाळीत शेजारणी माहेरी जायच्या आणि ही घरीच.

धरणावर ही गर्दी, जत्राच म्हणा ना! दादा मला दरवाजे दाखवत होते. आई मात्र डबा पोटाशी धरून पाण्याकडे बघत उभी. करंज्या द्यायच्या कुणाला, हा प्रश्न तिला तिथे गेल्यावरच पडला असावा.

एसटी चुकेल म्हणून दादांनी तिला हळूच वळवलं. वाटेत एक म्हातारी भाजलेल्या शेंगा विकत बसली होती. तिने आईला निरखून बघितलं आणि विचारलं, कुठल्या गावची. आईने गावाचं नाव सांगितलं... किती वर्षांनी कोण जाणे.

म्हातारी शेंगा मापायची थांबली. "कुनाची गं तू?"

"सुताराची. मारुतीमागचं घर."

"मंग अशी रिकामी जातीस व्हय? पदर धर."

आणि तिने ओंजळी भरभरून शेंगा आईच्या ओटीत घातल्या. दादांनी खिशात हात घातला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पाव्हनं. जावई हाय तुमी."

आईला रडू आवरेना. तिने डबा तसाच म्हातारीच्या मांडीवर ठेवला आणि वाकून नमस्कार केला. मीही केला, कुणी न सांगता.

एसटीत मी शेंगा मागितल्या तर आईने एक दिली नाही. घरी आल्यावर मूठ मूठ घेऊन घरोघर वाटून आली... माहेरचं आलंय म्हणून. तिला असं मिरवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या म्हातारीचं नाव विचारायचं राहून गेलं. पण माझ्या आईला माहेरपण मिळालं ते तिच्यामुळे. दिवाळीत करंज्या झाल्या की मी पहिली तिच्या नावाची बाजूला काढते... माझी आजीच ती.