आईच्या आईचं नाव

माझी आई पोलंडची. हे सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात. मी वडिलांवर गेले, सावळी आहे. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथे वडील भाजी पुरवायचे. छावणी उठली तेव्हा बाकीचे इंग्लंडला आणि कुठे कुठे गेले. आई वडिलांशी लग्न करून राहिली. मी चौथीत असताना ती तापाने गेली. धाकट्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवं होतं, म्हणून माझी शाळा तिथेच संपली.

तिच्या माहेरचं कोणीच आम्ही पाहिलं नाही. विचारलं की ती उठून कामाला लागायची. वडिलांनाही फारसं माहीत नसावं. पुढे श्राद्धाला भटजींनी आईच्या आईचं नाव विचारलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भटजींना पुढे दुसरं घर होतं. ते म्हणाले, "गंगा म्हणा." तेव्हापासून दर पितृपक्षात भाऊ आजीला गंगा म्हणून पाणी देतो. मला ते कधीच पटलं नाही. बाईला तिच्या आईबापांनी नाव ठेवलं असेल ना?

नवरा गेल्यावर मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मुलाकडे आले. आईची एकच वस्तू माझ्याकडे होती, प्रार्थनेचं छोटं पुस्तक. पहिल्या पानावर शाईने तिचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव लिहिलेलं. सुनेने ते पाहिलं आणि म्हणाली, "आई, चर्चच्या जुन्या रजिस्टरचे स्कॅन ऑनलाइन असतात. बघूया का?" ते गाव आता पोलंडात नाही, युक्रेनमध्ये आहे, पण वह्या सापडल्या. जन्माच्या वह्या शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत म्हणे. आईच्या वेळच्या नुकत्याच उघडल्या होत्या.

मी भावाला फोन केला.

"अक्का, शहात्तरची झालीस. आता आजी शोधतीस?"

"मग तू शोधणार आहेस?"

"अगं, गंगा चाललीय की इतकी वर्षं. कुणी तक्रार केली का?"

"ती मेलीय. करणार कशी?"

तो हसला. मी हसले नाही. यंदाच्या पितृपक्षाआधी नाव देते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

लग्नात आई तेविशीची होती असं वडील म्हणायचे. अंदाजात थोडी चूक धरून आम्ही तिच्या जन्माची तीन वर्षं शोधायला ठरवली. आईचा वाढदिवस आम्हाला पक्का ठाऊक होता. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक ठरलेला दिवस होता. त्या दिवशी ती पेल्यात फुलं ठेवायची, आम्हाला शिरा करायची. वडिलांनी सगळ्या कागदांवर तीच तारीख घातली होती. सुनेने तिन्ही वर्षांचे जुलै-ऑगस्ट उघडून दिले. नोंदी लॅटिनमध्ये होत्या. मला लॅटिन येत नाही, इंग्रजीही जेमतेम. पण अक्षरं ओळखता येतात. आईचं आडनाव एका पाकिटाच्या मागे मोठं काढून घेतलं आणि तांदूळ निवडतात तशी प्रत्येक ओळ बघत गेले. त्या आडनावाची पोरं भरपूर निघाली. अर्धं गाव एकाच आडनावाचं होतं. आई मात्र नव्हती.

"आई, मे बी तिची नोंदच झाली नसेल," सून म्हणाली.

"एवढ्या सगळ्यांची झाली आणि तिचीच नाही?"

"तुम्ही दमलात. ब्रेक घ्या."

"तू घे. मला ते बटण कुठे दाबायचं ते दाखवून जा."

पितृपक्षाला तीन आठवडे उरले होते. आमच्या गल्लीत एक पोलिश विधवा राहते, माझ्याच वयाची. दोघींची इंग्रजी सारखीच मोडकी, त्यामुळे आमचं जमतं. मी पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले आणि काय काय केलं ते सांगितलं. तिने पहिलं पान पाहिलं, मग तारीख पुन्हा विचारली आणि कपाळावर हात मारला.

"हा वाढदिवस कोणी सांगितला तुला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? दर वर्षी करायची ती."

"अगं बाई, हा तिच्या नावाचा दिवस. त्या नावाची एक ख्रिस्ती संत होऊन गेली, तिचा. हे नाव असलेल्या सगळ्या बायका त्याच दिवशी साजरा करतात. माझी आई वाढदिवस विसरायची, नावाचा दिवस नाही."

लग्नात सासरच्यांनी आईचं नाव बदललं होतं, आमच्याकडे तशी रीतच. घरात तिला जुन्या नावाने कोणीही हाक मारत नव्हतं. वर्षातून एक दिवस ती ते नाव आपलं आपण साजरं करायची, आणि आम्ही शिरा खाऊन खेळायला जायचो. मी मोठी मुलगी. एकदाही विचारलं नाही. त्याला आता इलाज नाही.

"म्हणजे जन्म कधीचाही असू शकतो?"

"कधीचाही."

"मग जानेवारीपासून बसते."

"तीन वर्षांचं?"

"तीन वर्षांचं."

"हट्टी आहेस," ती म्हणाली आणि चष्मा घेऊन माझ्याबरोबर आली.

रोज सकाळी दहाला ती यायची. मी आडनाव शोधायचे, ती लॅटिन वाचायची. चर्चमुळे तिला तेवढं येतं. पाद्र्याचं अक्षर गिचमिड होतं, ती त्याला पोलिशमध्ये शिव्या द्यायची. चहा टेबलावर ठेवू द्यायची नाही. लॅपटॉप सुनेचा होता, पण धाक हिचा. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरात मी बोट ठेवलं. तिने वाचलं, पुस्तकाशी ताडून पाहिलं, पुन्हा वाचलं. बापाचं नाव वडील सांगायचे तेच. घराचा नंबर होता, सुइणीचं नाव होतं. आणि आईच्या रकान्यात माझी आजी. पाद्र्याने तिच्या आईबापांचीही नावं लिहून ठेवली होती, म्हणजे पणजीसुद्धा मिळाली.

शेजारीण रडायला लागली. मी रडले नाही, मला फोन करायचा होता. नाव इथे लिहीत नाही, ते घरच्यांसाठी आहे.

भावाने दोनदा ऐकलं. "हे कसं म्हणायचं गं? जीभच वळत नाही."

"वळव."

त्याने म्हटलं. स्पीकरवर ऐकून शेजारणीने मान हलवली, चूक. पुन्हा म्हटलं, तेही चूक. मग तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि एकेक अक्षर सुटं करून त्याच्याकडून म्हणून घेतलं. तिकडे संध्याकाळ झाली होती, भावजय जेवायला बोलावत होती.

"अक्का, उद्या करू का?"

"नाही. आत्ता."

सातव्यांदा त्याला नीट आलं. मग भटजींना कसं शिकवायचं ते त्याला समजावलं आणि फोन ठेवला.