दुसऱ्या नंबरची डिस्क

मी प्रत्येक कामाची यादी करते. पारनेरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले तेव्हापासूनची सवय. कागदावर ओळी, ओळीपुढे चौकोन, काम झालं की चौकोनात खूण. गिऱ्हाइकांना हे मी अभिमानाने दाखवायचे. आता दाखवत नाही.

तीन वर्षांपूर्वी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकूंनी बोलावलं. त्यांचा कॉम्प्युटर फार जुना, आत स्कझी नावाच्या जुन्या जोडणीच्या दोन डिस्क. काकूंचा स्कॅनरही त्याच जोडणीवर चालायचा, म्हणून त्यांनी मशीन बदललं नव्हतं. एका डिस्कवर सिस्टीम होती, ती सुरू होईना. दुसरीवर काकूंची अक्षरं होती. नवरानवरीच्या नावांसाठी त्यांनी बटर पेपरवर हाताने काढलेली, स्कॅन करून, एकेक जोडाक्षर घासूनपुसून तयार केलेली. सहा वर्षं खपल्या होत्या त्या. तालुक्यात पत्रिका हातात घेतली की लोक ओळखायचे, ही काकूंकडची.

काम सोपं होतं. सिस्टीमची डिस्क पुसायची, तिच्यावर नवी सिस्टीम बसवायची, अक्षरांच्या डिस्कला हात लावायचा नाही. यादीत ‘कॉपी काढणे’ होतं. त्या मशीनमधून कॉपी काढायची तर निम्मा दिवस गेला असता. हात लावायचाच नाही तर कॉपी कशाला, म्हणून मी पुढे लिहिलं, ‘लागू नाही’.

स्कझी डिस्कचा नंबर तिच्या पाठीमागच्या बारीक पिनांवर टोपी बसवून ठरतो. डिस्क डब्यात वर आहे की खाली, याला काही अर्थ नसतो. हे मला पाठ होतं. पण नंबर बघायचा तर डिस्क बाहेर काढावी लागते.

काकू शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, “ताई, मागं चिमटीएवढी टोपी आसती ना? ज्यानं बसवलं त्यो म्हनला हुता, वरची दोन नंबरची हाय म्हनून. बघतीस का काढून?”

“काकू, यादीत आहे ते,” मी म्हणाले.

“आसंल बाई. तुज्या यादीपुढं आमी काय बोलनार!” त्या हसल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

मी ‘नंबर बघणे’ या ओळीपुढे खूण केली. न बघता. वरची ती पहिली, असं धरून. काकूंनी आत्ताच उलटं सांगितलं होतं, आणि पत्रिका छापणाऱ्या बाईंना यातलं काय कळतंय, असं माझ्या मनात आलं होतं. स्क्रीनवर दोन डिस्क दिसल्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, फरक फक्त नंबराचा. अक्षरं खालच्या डिस्कवर आहेत, हे काकूंनी आधीच सांगितलं होतं. मी पहिल्या नंबरची डिस्क पुसली. ती खालची होती.

सिस्टीम झकास बसली. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “जरा माजी अक्षरं उघड बरं.”

मी शोधलं. मग मला समजलं, आणि समजल्यावर मी जे बोलले ते आजही आठवलं की कान गरम होतात. म्हणाले, “काकू, ती डिस्क आधीच खराब झाली होती.”

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, “माज्याच हातानं झालं गं. परवा घाईत मी बटन बंद न करताच वायर उपटली. तवाच गेली आसंल.”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, “होतं असं कधी कधी.”

डिस्क घरी आणून दोन दिवस झटले. अर्धवट तुकडे मिळाले, एकही अक्षर धड नाही. काकू पुन्हा बटर पेपर घेऊन बसल्या. पाच महिने मी त्या गल्लीतून गेले नाही. मग एकदा बाजारात त्यांची सून भेटली. म्हणाली, “आईंना आमी आता मशीनला हातच लावू देत न्हाई. वायर उपटून सहा वर्षांचं काम घालवलं. मामंजी तर येनाऱ्याजानाऱ्याला सांगत्यात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. काकू एकट्याच होत्या. सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“वायरीनं न्हाई गेलं?”

“नाही.”

“आन् तू ऐकून घेतलंस, मी म्हनत हुते तवा?”

“हो.”

त्या उठल्या, आतल्या दाराशी गेल्या आणि हाक मारली, “आवो, बाहेर या. सूनबाई, तू बी ये.” मग माझ्याकडे वळल्या. “मला सांगितलंस तसंच सांग. एक शब्द कमी करू नको.”

काका आले, सून पदराला हात पुसत आली. मी टोपीचं, नंबरांचं सांगू लागले. काकूंनी अडवलं. “ते त्यान्ला कळनार न्हाई. कुनी घालवलं, ते सांग.”

“मी घालवलं,” मी म्हणाले. “आणि खोटं बोलले.”

काका सुनेकडे बघत राहिले. काकूंकडे बघायची हिंमत त्यांनाही झाली नाही.