मी शोधलेली दुर्मीळ लिली

मी आयुष्यभर कवळ्या बनवल्या. दंतवैद्य मापं पाठवायचे आणि मी मागच्या खोलीत मेणात दात बसवत बसायचो. लोकांचे चेहरे मला माहीत नसत, हिरड्या मात्र पाठ. त्यामुळे बारीक फरक ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा समज होता. तो घेऊनच मी निवृत्त झालो.

घरी बसलो आणि पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा सुधारल्या. बायकोने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "चला, आजपासून माझ्याबरोबर टेकडीवर यायचं." ती कित्येक वर्षं एकटीच टेकडीवर जात होती, हे मला तेव्हा कळलं.

उतारावर रानलिली फुलल्या होत्या. मान खाली घातलेली केशरी फुलं, मागे वळलेल्या पाकळ्या, त्यांवर गर्द ठिपके. मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशा दोन जाती दिल्या होत्या. फुलावरून ओळखायला गेलं तर माणूस हमखास फसतो. खरी खूण पानापाशी. एका जातीत पान खोडाला चिकटतं त्या बेचक्यात मिऱ्याएवढे काळे मणी धरतात. ते मातीत पडले की नवं रोप उगवतं. दुसरीत मणी धरतच नाहीत. मण्यांची जात जागोजागी दिसते, बिनमण्यांची क्वचित.

झालं. मी रोज गुडघे टेकून बेचकी तपासू लागलो. जिथे बघावं तिथे मणीच. मग येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून फरक समजावू लागलो. एका गृहस्थांनी मला लांबून पाहून वाट बदलली. घाईत असतील, असं मी धरून चाललो.

एका सकाळी वरच्या वळणावर दाट ताटवा दिसला. एकाही बेचक्यात मणी नव्हता.

"हात लावू नकोस," मागून येणाऱ्या बायकोला मी बजावलं. "ही दुर्मीळ आहे."

"ही? अहो, पण इथले तर..."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

मी घरी येऊन वनस्पती उद्यानातल्या तज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांना 'शोध' हा शब्द किती वेळा ऐकवला, ते आता आठवायला नको वाटतं.

बाई आल्या त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी एका बेचक्याला भिंग लावलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"इथे बारीक वण आहे," त्या म्हणाल्या. "मणी होते. कोणीतरी खुडलेत."

"शेळ्यांनी खाल्ले असतील," मी म्हणालो.

"पानं सोडून?"

बायकोने घसा खाकरला. "मी काढले. कुंड्यांत लावायला. इथले टपोरे होते. यांना सांगणार होते, पण मला कळायचं नाही म्हणाले."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "रुजले का?"

"सगळे."

मग दोघी माती आणि पाण्याबद्दल बोलत टेकडी उतरल्या. मी बाईंची पिशवी धरून मागून चाललो होतो. इस्त्रीच्या शर्टाच्या कोपरांना चिखल लागला होता, पण तिकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंनी पलीकडच्या दरीतल्या पाहणीला बोलावलं. म्हणजे बायकोला बोलावलं, आणि "यांनाही आणा" असं वर जोडलं. दरीत मी एका वयस्कर मास्तरांना दोन जातींमधला फरक सविस्तर सांगत होतो. आता तर माझ्याकडे वणांचाही मुद्दा होता. तेवढ्यात बायको खडकाआडच्या लिलींपाशी वाकली, बेचक्यांवरून बोट फिरवलं आणि बाईंना हाक मारली. मणी नव्हते. वणही नव्हते. बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि तिचा हात हातात घेतला.

मास्तर मला म्हणाले, "हां, तर तुम्ही काय सांगत होता?"

संध्याकाळी मी शेजाऱ्यांना बातमी दिली, "आम्हाला दुर्मीळ लिली सापडली." बायको दारातच उभी होती. 'आम्हाला' ऐकून तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेली.