सांडव्याकडची जागा

आमच्या ह्यांनी नोकरीत तीनदाच रजा मागितली. एकदा सुजाताच्या जन्माला, एकदा माझ्या ऑपरेशनला आणि एकदा १९८६च्या मे महिन्यात, कणीक मळायला. पहिल्या दोन वेळी तासातासाला ऑफिसात फोन करत होते. तिसऱ्या वेळी फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हे म्हणजे लहू मेश्राम. शॉमबर्गमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन, मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या एका तळ्याकाठच्या गावचे. तसा अबोल माणूस. चारजण जमून ग्रीन कार्डवर बोलायला लागले की हे मुलांमध्ये जाऊन पत्ते खेळत बसत. पण माशांचा विषय निघाला की इतकं बोलत की मला स्वयंपाकघरातून ‘पुरे’ म्हणावं लागे.

गावच्या तळ्याला दगडी घाट होता. तिथे पाणी खोल आणि मासा मोठा. पण आमच्या वस्तीतल्या कुणी त्या घाटावरून गळ टाकायचा नाही, असा गावाचा दंडक. आमची जागा सांडव्याकडे, तळ्याचं जादा पाणी वाहून जातं तिथल्या चिखलात. माझे सासरे राजाराम उभा जन्म तिथेच गुडघाभर गाळात उभे राहिले आणि ह्यांनाही तिथेच मासेमारी शिकवली.

ऑफिसातला वॉल्ट ह्यांना पहिल्यांदा त्याच्या क्लबात घेऊन गेला, त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांची भाजी थंड झाली तरी बोलणं संपेना. मक्याच्या शेतांपलीकडे क्लबचं स्वतःचं तळं, बाजूला नेमबाजीचं मैदान, बैठकीच्या खोलीत हरणांची मुंडकी.

"अंजना, लाकडी धक्का आहे. थेट खोल पाण्यात गेलेला."

"मग टाकला का गळ तिथून?"

"धक्का मेंबरांसाठी. गेस्टची जागा सांडव्याकडे."

माझं डोकंच फिरलं. "सात समुद्र ओलांडून पुन्हा सांडव्याकडेच? काही नको तो क्लब."

"इथे मेंबर होता येतं," हे शांतपणे म्हणाले. "तिथे होता येत नव्हतं."

दोन वर्षं हे अधूनमधून गेस्ट म्हणून जात राहिले. क्लबात साठच मेंबर. कुणी सोडून गेला तरच जागा होई आणि मग मतदान. तेही कागदावर नाही. बंदुकीच्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या दुधाच्या बरणीत टाकायच्या. लाल म्हणजे हो, पिवळी म्हणजे नाही. तीन पिवळ्या निघाल्या की माणूस कायमचा बाद.

त्या वसंतात एकजण फ्लोरिडाला गेला आणि ह्यांचं नाव पुढे आलं. मतदान मासेमारीच्या वार्षिक स्पर्धेनंतर, सगळ्यांसमोर. वॉल्टने सल्ला दिला, मोठा कार्प काढून दाखव, मतं खिशात. कार्पवर त्या लोकांचा भारी राग. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, बाकीचे मासे टिकू देत नाही. पकडलेला कार्प परत पाण्यात सोडायचा नाही, काठावरच्या पिंपात टाकायचा, हा क्लबचा कडक नियम.

ह्यांना हसू आवरेना. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा सख्खा चुलतभाऊ, आणि त्याला काय आवडतं हे ह्यांना पाचव्या वर्षापासून ठाऊक. म्हणून ती रजा. कणकेत गूळ, हिंग आणि भाजलेल्या जवसाची पूड. माझं घर दोन दिवस हिंगाने घमघमत होतं.

स्पर्धेच्या सकाळी मी आणि अकरा वर्षांची सुजाता काठावर खुर्च्या टाकून बसलो. मेंबर धक्क्यावर, हे सांडव्याकडे. दहा वाजेपर्यंत काही नाही. मग ह्यांची काठी अशी वाकली की मी खुर्चीतून उठलेच. मासा ओढतोय, हे दोरी सोडतायत, पुन्हा गुंडाळतायत. बूट कधीच चिखलात रुतून बसले होते. वीस मिनिटं हा खेळ चालला. धक्का रिकामा झाला, सगळे मेंबर आमच्याकडे धावले. अर्ल नावाचा क्लबचा अध्यक्ष, एरवी कधी न हसणारा, गुडघ्यावर हात टेकून ओरडत होता. मीही ओरडत होते, मराठीतून. मला आयुष्यात इतका आनंद क्वचित झाला असेल.

मासा वर आला. कार्प, सोनेरी, सुजाताच्या कमरेपर्यंत येईल इतका लांब. काट्यावर चोवीस पाउंड. ह्यांनी त्याच्या डोक्याची पापी घेतली.

"डॅड, प्लीज, डोन्ट किस इट," सुजाता म्हणाली.

अर्लने पिंपाचं झाकण काढलं. ह्यांनी माशाच्या पोटावरून हात फिरवला, थबकले, खाली वाकले आणि मासा परत पाण्यात सोडून दिला.

वॉल्टने डोक्यावरची टोपी काढली. मला तर ह्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मतं खिशात आली होती आणि ह्या माणसाने खिसाच उलटा केला होता.

"तुला नियम माहीत नव्हता?" अर्लने विचारलं.

"माहीत होता," हे म्हणाले. इंग्रजी अडखळत होतं. "पण मादी होती. पोट अंड्यांनी भरलेलं. पोटुशी मासोळी आम्ही ठेवत नाही. वडिलांनी शिकवलंय. माझ्या डोक्याच्या आधी हातच चालले. सॉरी."

अर्लने पिंपाचं झाकण परत लावलं. जेवणं झाली, बरणी फिरली. अर्ल एकेक नळी काढून टेबलावर ठेवू लागला. लाल, लाल, लाल. मग एक पिवळी. पुढे पुष्कळ लाल, पुन्हा एक पिवळी. शेवटच्या नळीला मी डोळे मिटून घेतले.

"रेड," सुजाता माझ्या कानात किंचाळली.

अर्लने ह्यांच्या हातात फाटकाची किल्ली ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी मादी पकडलीस तर आधी मला सांग. मी दुसरीकडे बघेन."

रात्री ह्यांनी गावी पत्र लिहिलं, चार पानं, मासा, वजन, मतं, सगळं. महिन्याभराने उत्तर आलं. सासऱ्यांना लिहिता येत नव्हतं, शाळेतल्या गुरुजींच्या अक्षरात एकच ओळ होती: मेंबर झालास, ते कळलं, आता गळ घाटावरून टाकतोस की सांडव्याकडूनच?

ह्यांनी ते वाचलं आणि गाडीची किल्ली घेतली. महिनाभर मेंबर असूनही सवयीने सांडव्याकडेच उभे राहत होते, हे मला तेव्हा कळलं. मीही सोबत गेले. धक्क्याच्या टोकाला जाऊन ह्यांनी गळ टाकला, तो लांब, खोल पाण्यात जाऊन पडला. मग तिथेच खाली बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी उत्तर लिहिलं: बाबा, घाटावरून.