धुरा कोणता?

ठिबकची नळी उन्हात तापून वास सुटला की मला ते सर आठवतात आणि चिडच येते. सर ज्यू, मूळ कोकणातले. केनवडला आमच्या शेतात ठिबक बसवायला आले होते. चहा घेताना चुलतभावानं विचारलं, "सर, तुमचे लोक तिकडं लढून राह्यले. कोन जिंकन?" सर वैतागले. "माझी बहीण तिथं राहते. पलीकडेही कुणाची तरी बहीण असेलच. दोघांनाही तिथंच राहायचंय, मग जिंकायचं काय? बांध म्हणा, तुमचा धुरा म्हणा, तो ठरवा आणि नांदा." "बराबर हाय," आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. सरांनी नळी उचलली. "तुमच्या दोघांच्या शेतांमधला धुरा कोणता?" आम्ही लगेच बोटं दाखवली, दोन वेगळ्या जागी. सर नळी तिथंच टाकून निघून गेले. नळीचं वेटोळं अजून तिथंच तापत पडलंय. आणि खरं सांगू, बोट माझंच बरोबर होतं.